हळदीचं पाणी

सकाळी सात वाजता पार्वतीबाईचा फोन आला तेव्हा माहेनूर चहात टोस्ट बुडवत होती.

"माय, तू ये लवकर. तुझ्या काचेच्या पेटीत कुणीतरी हळद कालवलीय. मासे उताणे पडलेत."

"हळद?"

"हळदच. पिवळंधमक झालंय सारं. मी हात न्हाई लावला. तू ये."

टोस्ट कपातच राहिला. माहेनूरनं स्कूटी काढली आणि जवळा बाजारातून औंढ्याच्या रस्त्याला लागली. विजयकुमारचं मंगल कार्यालय गावाबाहेर दीड किलोमीटरवर होतं. पार्वतीबाई तिथं झाडलोट करायची, आणि आत शिरल्या शिरल्या भिंतीशी असलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीची देखभाल माहेनूर करायची.

ती टाकी म्हणजे विजयकुमारची हौस. हैदराबादच्या एका हॉटेलात त्यानं प्रवाळ पाहिलं होतं, समुद्राच्या तळाशी फुलतं तसं रंगीत, हलणारं. तसंच आपल्या कार्यालयात पाहिजे असं त्यानं ठरवलं. कार्यालयाच्या सगळ्या खिडक्या-आरशांचं काम अन्सार काचवाल्यानं केलेलं. अन्सारची पोरगी माहेनूर प्राणिशास्त्र शिकलेली, पुण्यात तीन वर्षं असल्याच टाक्या सांभाळायच्या कामाला होती, आणि आई गेल्यावर अब्बा एकटे पडले म्हणून परत आलेली. काम तिच्याकडे आलं. समुद्रातून तोडलेलं प्रवाळ बाळगणं हा गुन्हा आहे, हे तिनं विजयकुमारला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. टाकीत वाढवलेले, बोटाच्या पेराएवढे तुकडे तिनं कागदपत्रांसकट मागवले. एकेक तुकडा सिमेंटच्या छोट्या चकतीवर चिकटवलेला. दोन वर्षांत तिनं त्यांचे आणखी तुकडे करून वाढवले. बटणासारखी हिरवी-केशरी तोंडं उघडणारे, छत्रीसारखे, मखमली टोप्यांसारखे. वऱ्हाडातली लेकरं काचेला नाक लावून बघत बसायची.

आता त्या काचेतून आतलं काही दिसत नव्हतं. पाणी गढूळ पिवळं. वर झेंडूच्या पाकळ्या, अक्षता आणि एक प्लॅस्टिकचा पेला. दोन केशरी मासे, पांढऱ्या पट्ट्यांचे, कोपऱ्यात पोटं वर करून तरंगत होते.

माहेनूरनं मोबाइल काढला आणि कार्यालयाचं इन्स्टाग्रामचं पान उघडलं. तिला काय सापडणार ते ठाऊकच होतं. रात्रीच्या हळदीचा व्हिडिओ वरच होता. नवरदेवाचे दोस्त टाकीचं झाकण उचलून पेल्यापेल्यानं हळद ओतत होते, 'माशांना बी हळद लावा' म्हणून ओरडत होते. कडेला विजयकुमार उभा. टाळ्या वाजवत होता.

तिनं व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला.

तेवढ्यात विजयकुमार आलाच. पांढरा शर्ट, केस ओले, चेहरा हसरा. माणूस कधी आवाज चढवायचा नाही. माहेनूर त्याला लहानपणापासून ओळखायची.

"आलीस का? बरं झालं. अगं, लग्नघर हाय, पोरं जरा मस्ती करणारच. पाणी बदलून टाक."

"काका, मासे मेलेत."

"नवे आणू की."

"तुमी तिथं उभे होतात. व्हिडिओत दिसून राहिलात. एका शब्दानं अडवलं न्हाई."

विजयकुमारचं हसू जरा आखडलं. "मी काय पाहुण्यांच्या अंगावर जाऊ? हे बघ माहेनूर, साडेअकराला दुसरं वऱ्हाड येऊन राहिलंय. पाणी सोडून दे, ते दगडं-बिगडं उकिरड्यावर फेक, आन् वरून एक चादर टाक. बाकी मग बघू."

"फेकून देऊ?"

"दे फेकून. दगडंच ते."

"दगडं न्हाईत ती."

पण तो फोनवर बोलत मांडवाकडे निघून गेला होता.

माहेनूरनं रबरी हातमोजे चढवले आणि खांद्यापर्यंत हात त्या पिवळ्या पाण्यात घातला. डोळ्यांत पाणी येत होतं, ते रागाचं होतं, आणि त्या रागाचाही तिला राग येत होता. एकेक चकती चाचपून ती वर काढू लागली. सतरा निघाल्या. सगळे तुकडे आक्रसून बसलेले, अंगावर पिवळा चिकट थर. घरून येताना तिनं स्कूटीच्या पायाशी खाऱ्या पाण्याची एक बादली आणली होती, दर रविवारी टाकीचं थोडं पाणी बदलायला ती आधीच कालवून ठेवायची ती. त्या बादलीत सतरा चकत्या आणि टाकीच्या तळातला एक भोकाभोकांचा दगड तिनं ठेवला.

"अजून काय लागंल?" पार्वतीबाई पदर खोचून विचारत होती.

"गोडं पाणी. फिल्टरचं. नळाचं न्हाई चालत."

"जारवाली रिक्षा आत्ता येतीय. दोन जार तुझ्या दुकानावर टाकायला सांगते. कुणी इचारलं तर पार्वतीबाईनं पिले म्हणते."

माहेनूर दुकानात पोहोचली तेव्हा अब्बा आरशाच्या काचेवर पट्टी धरून उभे होते आणि खांद्यानं फोन कानाशी दाबून बोलत होते.

"व्हय शेठ... न्हाई न्हाई, चुकलंच तिचं... पोरगी तेज हाय जरा, आईविना वाढलेली... माफ करा शेठ."

तिनं बादली खाली ठेवली. "आईविना वाढलेली? आई गेली तेव्हा मी पंचवीस वर्षांची होते, अब्बा. आन् काय चुकलं माझं?"

अन्सारनं फोन खिशात घातला. "तू मालकाला त्याच्याच दारात सुनावून आलीस."

"मासे मारले त्यांनी!"

"मासे त्याचे. टाकी त्याची. आपण काम करणारे." अब्बांनी काचेवर कापायची हिरकणी ओढली. कर्रकन रेघ उमटली. "दुनियेत असंच चालतं, बेटा. वाकून चाललं की तकलीफ होत न्हाई."

ती पुढं काही बोलली असती, पण बादलीतलं पाणी तापत चाललं होतं. मे महिना, नऊ वाजताच पत्र्याचं दुकान भट्टी झालेलं. भांडायला नंतर वेळ मिळणार होता.

पलीकडच्या औषधाच्या दुकानातून तिनं थर्माकोलचा मोठा खोका आणला. इंजेक्शनं बर्फात येतात तो, जाड भिंतींचा, स्वच्छ. काचेच्या टाकीपेक्षा या उन्हात तोच बरा, कारण पाणी लवकर तापत नाही. आत जाड प्लॅस्टिकचा कागद अंथरला. तोवर रिक्षावाल्यानं जार उतरवले. चाळीस लिटर पाणी खोक्यात ओतून तिनं समुद्री मिठाचा डबा उघडला. हे मीठ स्वयंपाकाचं नव्हे. समुद्राच्या पाण्यात जे जे असतं, ते सगळं मापानं मिसळून केलेलं. लिटरला पस्तीस ग्रॅम धरून तिनं तराजूवर मीठ तोललं, पाण्यात सोडलं, आणि पाणी फिरवणारा छोटा पंप लावला. पाणी आधी दुधासारखं झालं, मग तासाभरात नितळ. खारेपणा मोजायची दुर्बिणीसारखी नळी तिच्याकडे होती. तिच्या काचेवर एक थेंब टाकून ती उजेडाकडे धरून बघितली. पस्तीस. बराबर.

मग फळांच्या टोपलीची जाळी कापून, खाली पाय लावून, तिचा आत माचा केला. प्रत्येक तुकडा वेगळ्या भांड्यातल्या खाऱ्या पाण्यात हलक्या हातानं विसळला, पिवळा थर जाईपर्यंत. हातमोजे तिनं काढले नाहीत. यातल्या काही जातींचा चिकट स्राव विषारी असतो, डोळ्यात गेला तर दवाखाना गाठावा लागतो. भोकाभोकांचा दगडही तसाच धुऊन तळाशी ठेवला. त्या भोकांमध्ये पाणी शुद्ध राखणारे जंतू असतात, आणि नव्या पाण्यात ते नसतील तर सगळं दोन दिवसांत कुजतं. वरून पांढरी-निळी दिव्याची पट्टी टांगली. टेबलफॅनचा झोत पाण्यावर सोडला. फ्रीजमध्ये पाण्याच्या बाटल्या गोठायला ठेवल्या. खोक्यावर आतून पेनानं पाण्याच्या पातळीची रेघ ओढली, कारण उन्हानं पाणी उडतं पण मीठ मागंच राहतं. रेघेखाली गेलं की नुसतं गोडं पाणी घालायचं.

दुपार झाली होती. अब्बा हिरकणी खाली ठेवून जवळ आले.

"दुकानात काच कापायची का समुद्र पाळायचा?" ते शेवटी म्हणाले.

"थोडे दिवस. तिकडं टाकी साफ करून, नवं पाणी मुरेपर्यंत, त्यात जंतू धरेपर्यंत. महिनाभर."

"शेठनं फेकायला सांगितलं ना?"

"म्हणूनच आणले."

पहिल्या तीन दिवसांत तीन तुकडे गेले. पांढरे पडले, मऊ झाले, वास सुटला. तिनं ते लगेच बाहेर काढले आणि अर्धं पाणी बदललं. प्रत्येक वेळी तो व्हिडिओ डोळ्यांसमोर यायचा. चौथ्या दिवशी एका हिरव्या बटणानं तोंड उघडलं. पाचव्या दिवशी आणखी सहा. आठवड्यानं चौदाही तुकडे फुलले. बाजारच्या दिवशी कापूस-सोयाबीनवाले दुकानात आरसा घ्यायला म्हणून यायचे आणि खोक्यावर वाकून उभे राहायचे.

एका दुपारी लाइट गेली आणि माहेनूर नेमकी बाहेर होती. धापा टाकत परतली तर अब्बा स्टुलावर बसून पुठ्ठ्यानं खोक्यावर वारा घालत होते. दुसऱ्या हातात गोठलेली बाटली पाण्यात धरलेली.

"तासभर घालून राहिलो," ते तिच्याकडे न बघता म्हणाले. "हात दुखून आला माझा."

त्या दिवशी पहिल्यांदा तिचा राग जरा निवला.

बाराव्या दिवशी विजयकुमार दुकानात आला. टाकी त्यानं आपल्याच माणसांकडून धुऊन घेतली होती, नवं पाणी भरलं होतं. रविवारी त्याच्या भाचीचं, राजनंदिनीचं लग्न, नांदेडहून मोठी माणसं येणार.

"वा! जगवलीस की," तो खोक्यात बघत म्हणाला. "शाबास. शनिवारी नेऊन लाव."

"न्हाई लावता येणार, काका. नवं पाणी महिनाभर मुरावं लागतं. आन् टाकीला कुलपाचं झाकण पायजे. तुमच्या कार्यालयात असा पाहुणा पुन्हा येणार न्हाई असं न्हाई."

"चौदा तुकड्यांसाठी कुलूप?"

"आन् तो व्हिडिओ काढून टाका. अजून पानावर हाय तो. लोक हसून राहिलेत त्यावर."

विजयकुमारनं तिच्याशी बोलणं तिथंच थांबवलं. अब्बांकडे वळून, तेवढ्याच गोड आवाजात म्हणाला, "अन्सारभाई, माल माझा हाय. तुमीच सांगा."

"तुमी फेकून द्या म्हणाला होतात!" माहेनूर ओरडली.

"माहेनूर, गप." अब्बा उठून उभे राहिले होते. "शेठ, तुमी काळजी करू नका. होईल."

विजयकुमार गेल्यावर तिनं त्यांना बजावून सांगितलं, हळू, एकेक शब्द तोडून. "आत्ता हलवले तर मरतील. मी न्हाई म्हणाले म्हणजे न्हाई. कळलं का, अब्बा?" अब्बांनी मान हलवली.

शुक्रवारी मिठाचं पार्सल घ्यायला ती हिंगोलीला गेली. बस उशिरा लागली, परतायला चार वाजले. दुकानात शिरताच तिला पंपाचा आवाज आला नाही.

खोका रिकामा होता. पाणी होतं, जाळी होती, तळाचा दगड होता. चकत्या नव्हत्या.

अब्बा काउंटरमागे बसले होते. "नमाजेनंतर शेठ स्वतः आला गाडी घेऊन," ते घाईनं म्हणाले. "बादलीतच दिल्या, याच पाण्यात. नीट ठेवल्या. एक बी पडली न्हाई."

तिच्या तोंडून निघालं ते भलतंच. "हातमोजे घातले होते?"

"काय?"

"हातमोजे! उघड्या हातानं काढल्या का तुमी? हात धुतले? डोळ्याला लावले? बोला की!"

"धुतले... वजू केला तेव्हा..."

"वजू नमाजेच्या आधी केला ना! उठा, आत्ता धुवा. साबणानं. कोपरापर्यंत." ती किंचाळत होती, आणि रस्त्यावरचे लोक थांबून बघत होते. अब्बा नळाखाली हात धरून उभे राहिले, एखाद्या पोरासारखे. तिनं मागं उभं राहून दोनदा साबण लावायला लावला. मग बादली, हातमोजे आणि खाऱ्या पाण्याचा जार स्कूटीवर घातला.

"मी बी येतो," अब्बा म्हणाले. तिनं स्कूटी चालू केली. ते मागं बसले.

कार्यालयात मांडववाले झुंबरं टांगत होते. टाकी लखलखत होती. चौदा तुकडे तळाशी मांडलेले, मध्ये एक प्लॅस्टिकचा शंख. सगळे तुकडे मुठीसारखे आवळलेले आणि त्यांच्यातून पांढरट लाळ सुटून पाण्यात लोंबत होती. माहेनूरनं पाण्यात बोट बुडवून हुंगलं. टँकरच्या पाण्याचा ब्लीचिंगचा वास.

पार्वतीबाई खांबाआडून पुढं आली. "मीठ किचनमधलं टाकलंय," ती खालच्या आवाजात म्हणाली. "पोती आणली होती आचाऱ्याकडून. म्या म्हणलं, पोरीला इचारा. ऐकलं न्हाई."

माहेनूरनं हातमोजे चढवले, झाकण भिंतीला टेकवलं आणि ती तुकडे काढू लागली.

"ए, काय करून राहिलीस?" विजयकुमार आतून आला. आता तो हसत नव्हता. "परवा लग्न हाय माझ्या भाचीचं. ठेव ते!"

"मरून राहिलेत."

"मरू दे! रविवारपर्यंत दिसले म्हणजे झालं!"

माहेनूर वळली. हात कोपरापर्यंत ओला, त्यात दोन चकत्या. "काय म्हणालात?"

"मी म्हणलं ठेव. माझ्या कार्यालयात येऊन माझ्यावर डोळे वटारायचे न्हाईत. अन्सारभाई, आवरा हिला. न्हाईतर ह्या कार्यालयाची एक काच बी तुमच्याकडं येणार न्हाई इथून पुढं."

मांडववाले शिडीवर थांबले होते. माहेनूरनं अब्बांकडे बघितलंच नाही. ते काय म्हणणार हे तिला पाठ होतं. ती पुन्हा टाकीकडे वळली आणि तिसरा तुकडा काढला, चौथा काढला.

"शेठ," अब्बांचा आवाज आला. "चूक माझी हाय. पोरगी न्हाई म्हणाली होती. मी तिला न इचारता दिलं."

"मग आता सांगा तिला ठेवायला."

"न्हाई. ते मी न्हाई सांगणार." ते म्हणाले, "तिला जे समजतं ते तुमाला बी समजत न्हाई, मला बी न्हाई. नेऊ द्या."

विजयकुमारनं हात झटकला. "न्या. न्या ते दगडं. आन् परत येऊ नका."

पार्वतीबाईनं बादली धरली. चौदाही चकत्या आत गेल्या.

बाहेर उन्हात स्कूटीपाशी अब्बा म्हणाले, "माहेनूर, मला माफ कर."

हा माणूस आयुष्यभर सगळ्यांची माफी मागत आला होता. गिऱ्हाइकाची, मालकाची, रिक्षावाल्याची, चूक असो नसो. तिची माफी त्यानं कधी मागितली नव्हती. हे तिला कळलं, आणि तरी तिच्या तोंडून 'असू द्या' निघालं नाही. "वारा घातला होता तुमी त्यांना," ती म्हणाली. "हात दुखेपर्यंत. आन् मग उचलून दिले." तिनं किक मारली.

चौदातले नऊ तुकडे पुढच्या आठवड्यात गेले. उरलेल्या पाचांपैकी तीन छत्रीसारखे होते, दोन बटणांचे. माहेनूर रोज पाणी मोजायची, बाटल्या बदलायची, आणि अब्बांशी कामापुरतं बोलायची. जेवण वाढायची, पण समोर बसायची नाही. राजनंदिनीच्या लग्नात त्या टाकीत रंगीत दिवे आणि गुलाबाच्या पाकळ्या सोडल्या होत्या, असं पार्वतीबाईनं सांगितलं. तो व्हिडिओ अजून पानावर होता. माहेनूर अधूनमधून बघायची, मुद्दाम.

पुढच्या महिन्यात एका सकाळी ती खोक्याशी आली तर अब्बा आधीच तिथं होते. हातात हातमोजे. जरा मोठे झाल्यामुळे बोटांची टोकं लोंबत होती.

"ही नळी कशी बघायची?" त्यांनी विचारलं.

"काहून?"

"तू नसलीस तर."

तिनं ड्रॉपरनं एक थेंब काचेवर टाकला आणि नळी त्यांच्या हातात दिली. "उजेडाकडं धरा. निळं आन् पांढरं जिथं मिळतं तिथला आकडा वाचा."

"तेहतीस... न्हाई, पस्तीस."

"पस्तीसच्या वर गेलं तर?"

"मीठ कमी करायचं."

"चूक." तिचा आवाज कडक होता, तिला तो मऊ करावासा वाटला नाही. "मीठ काढता येत न्हाई. गोडं पाणी घालायचं, रेघेपर्यंत. पुन्हा सांगा."

"गोडं पाणी घालायचं. रेघेपर्यंत."

"आन् कुणी मागायला आलं तर?"

अब्बांनी नळी डोळ्यावरून खाली घेतली. "तुला इचारायचं," ते म्हणाले.

"पुन्हा सांगा."